सामाईक जमीन आणि पटाबाहेरचा माणूस

गावचे रान, गावचे पाणी, गावची गायराने ही एके काळी सर्वांची होती. पुढे सरकार आले, सावकार आला, भांडवलदार आला, कुंपण पडले आणि सर्वांचे होते ते मूठभरांचे झाले, अशी एक मांडणी आपल्याकडच्या पुरोगामी लेखनात आता जवळजवळ आरतीसारखी म्हटली जाते. तिच्या समर्थनार्थ इंग्लंडचा दाखला हमखास येतो. तिथल्या खेड्यांत सामाईक कुरणे होती, गोरगरीब त्यांवर जगत होते, जमीनदारांनी ती कुंपणाखाली घेतली आणि उघडा पडलेला माणूस गिरणीच्या दारात उभा राहिला. ई. पी. थॉम्पसनचे 'कस्टम्स इन कॉमन' हे १९९१ चे पुस्तक या संदर्भात आदराने उल्लेखिले जाते. तो आदर योग्यच आहे. ही मांडणी खोटी आहे असे मला म्हणायचे नाही. ती अर्धी आहे, आणि जो अर्धा भाग गाळला जातो नेमका त्याच भागात आमचे आजे-पणजे उभे आहेत, एवढेच मला दाखवायचे आहे.

परळच्या एका महाविद्यालयात मी इतिहास शिकवतो. युरोपच्या आर्थिक इतिहासाला हात घातला की 'एन्क्लोजर' हा शब्द फळ्यावर लिहावा लागतो. मराठीत त्याला कुंपणबंदी म्हणू. वर्गातली बरीच मुले लालबाग, नायगाव, शिवडी, वरळी या भागांतली; त्यांच्या खिडकीतून जिथे पूर्वी गिरणीची चिमणी दिसे तिथे आता काचेचा मनोरा दिसतो. कुंपण पडणे म्हणजे काय, हे त्यांना सांगावे लागत नाही. सांगावे लागते ते कुंपणाच्या आधीचे. त्या सामाईक कुरणावर कोणाची गाय चरत होती, कोणाची नव्हती, आणि हे ठरवत कोण होते?

ठरवत होते मॅनरचे न्यायालय. मॅनर म्हणजे एका लॉर्डच्या सत्तेखालचा मुलूख. आपल्या जहागिरीसारखा म्हटला तरी चालेल. त्या मुलखाचे स्वतःचे न्यायालय असे आणि ते ठरावीक काळाने भरे. लॉर्ड स्वतः क्वचितच बसे. त्याचा कारभारी, ज्याला स्टुअर्ड म्हणत आणि जो पुष्कळदा कायदा शिकलेला असे, तो कामकाज चालवी. समोर कुळांमधून निवडलेले पंच बसत. कोणी ठरल्यापेक्षा जास्त मेंढ्या रानात सोडल्या, कोणी शेजाऱ्याच्या पट्ट्यात नांगर सरकवला, कोणी आपल्या वाटचा चर उपसला नाही, कोणी डुकराच्या नाकात कडी न अडकवता त्याला मोकळे सोडले, असल्या तक्रारी हे पंच मांडत आणि दंड ठरे. पीक राखायला राखणदार नेमलेला असे. भटके जनावर धरून ते कोंडवाड्यात घालण्याचीही व्यवस्था असे. कोंडवाडा हा शब्द आमच्या वाचकांना दया पवारांच्या १९७४ च्या कवितासंग्रहामुळे वेगळ्याच अर्थाने ओळखीचा आहे. पण मूळचा कोंडवाडा हा असा, सामाईक रानाच्या शिस्तीचे हत्यार.

प्रत्येक कुळाने किती जनावरे सोडावीत याची मर्यादा बांधलेली असे. कुठे ती ठरीव आकड्याने असे, तर कुठे असा नियम की ज्याच्या शेतातल्या चाऱ्यावर जितकी जनावरे हिवाळा काढू शकतील तितकीच त्याने उन्हाळ्यात कुरणावर सोडावीत. हा नियम वरवर मोठा शहाणपणाचा दिसतो आणि कुरण राखण्याच्या दृष्टीने तो तसा होताही. पण त्याचा दुसरा अर्थ पाहा. ज्याला शेतच नाही त्याच्या जनावराने हिवाळा कशावर काढावा? म्हणजे ज्याला काहीच नाही त्याचा सामाईकात वाटाही नाही. सामाईकातला हिस्सा खाजगीतल्या हिश्श्याच्या मापाने मोजला जाई.

जमीन एका कुळाकडून दुसऱ्याकडे जाण्याची रीतही याच न्यायालयात होती. जुने कूळ कारभाऱ्याच्या हाती एक काठी देई. कारभारी ती नव्या कुळाच्या हाती देई. दफ्तरात नोंद होई आणि त्या नोंदीची नक्कल कुळाला मिळे. ती नक्कल हाच त्याचा हक्क. म्हणून त्या हक्काचे नावच कॉपीहोल्ड पडले. १९२२ च्या कायद्याने ही पद्धत रद्द ठरवली आणि १९२६ च्या आरंभापासून ती प्रत्यक्षात संपली. (नॉटिंगहॅमशायरमधल्या लॅक्सटन या खेड्यात मात्र खुली शेते आणि त्यांवर देखरेख करणारे पंच आजही टिकून आहेत.) मी या दफ्तराला पट म्हणतो. शाळेचा पट असतो तसा. पटावर नाव असेल तर तुम्ही हजर किंवा गैरहजर असू शकता. पटावर नाव नसेल तर तुम्ही गैरहजरही नसता.

कुंपणबंदी या न्यायालयाच्या डोक्यावरून एकाएकी कोसळली असे चित्र रंगवले जाते, तेही तितकेसे खरे नाही. १२३५ च्या मर्टनच्या कायद्याने लॉर्डला पडीक रान बंदिस्त करण्याची मुभा दिलीच होती. अट एवढीच की मुक्त कुळांना पुरेशी चराई उरली पाहिजे. पुढे सोळाव्या-सतराव्या शतकात अनेक ठिकाणी कुळांनी आणि लॉर्डने आपसात करार करून पट्टे बदलून घेतले, कुरणे वाटून घेतली आणि त्याच्या नोंदी याच दफ्तरांत झाल्या. अठराव्या शतकात मात्र हे काम संसदेने आपल्याकडे घेतले. १६०४ ते १९१४ या काळात असे ५,२०० हून अधिक कायदे झाले आणि ६८ लाख एकर जमीन त्यांखाली आली. विधेयकाची नोटीस चर्चच्या दारावर लावली जाई. गावाची संमती घेतली जाई, पण ती डोकी मोजून नव्हे. ज्याची जमीन जास्त त्याच्या संमतीचे वजन जास्त. मग आयुक्त येत, हक्कदारांचे दावे तपासत आणि ज्याचा हक्क सिद्ध होई त्याला कुरणाच्या बदल्यात जमिनीचा तुकडा देत. लहान हक्कदाराच्या हाती आलेला तुकडा कुंपणाच्या खर्चानेच कित्येकदा विकला जाई. हे दुःख थॉम्पसनने आणि त्याच्यानंतर जे. एम. नीसनने आपल्या १९९३ च्या ग्रंथात तळमळीने मांडले आहे.

पण ज्याचा हक्क सिद्धच होत नव्हता त्याचे काय? १६०७ साली गेटवर्डचा खटला झाला. गावात राहतो एवढ्याच कारणाने एखाद्याला सामाईक रानात जनावर चारण्याचा हक्क सांगता येईल काय, हा प्रश्न होता. न्यायालयाने सांगितले की येणार नाही. 'रहिवासी' हा शब्द मोघम आहे. हक्क हा घराला किंवा जमिनीला चिकटलेला असतो, नुसत्या राहणाऱ्या माणसाला नव्हे. पुढे १७८८ साली सरव्याचा निकाल लागला. पीक उचलल्यावर शेतात सांडलेली कणसे वेचणे हा गरिबांचा कायदेशीर हक्क नाही, असे ठरले. आमच्या बायाबापड्यांना सरवा वेचणे काय असते ते सांगायला नको. थॉम्पसनने हे दोन्ही निकाल लपवलेले नाहीत. त्यांवर त्याने पाने खर्ची घातली आहेत. आमचे मित्र ती पाने उलटून पुढे जातात, ही माझी तक्रार आहे.

सामाईक साधनसंपत्ती टिकवता येते, माणसे ती उधळतातच असे नाही, हे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या ग्रंथात जगभरची उदाहरणे देऊन दाखवले. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले आणि आपल्याकडेही त्यांचे नाव गाजले. त्यांनी टिकाऊ व्यवस्थांची जी लक्षणे सांगितली त्यांतले पहिलेच लक्षण असे की, साधनाची आणि ते वापरणाऱ्यांची सीमा स्पष्ट असावी. शास्त्रज्ञाच्या तोंडी हे वाक्य निर्दोष आहे. गावकुसाबाहेर जन्मलेल्या माणसाने ते वाचले तर त्याच्या अंगावर काटा येतो. ही सीमा स्पष्ट राहावी म्हणून आमच्या पिढ्यान् पिढ्यांनी काय सोसले आहे, याचा हिशेब त्या व्यवस्थेच्या यशात कोणत्या बाजूला मांडायचा?

या सगळ्याशी मुंबईचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध गमतीदार आहे. दुसऱ्या चार्ल्सने १६६८ च्या मार्चमध्ये मुंबई बेट ईस्ट इंडिया कंपनीला दिले, ते वर्षाला दहा पौंड सोन्याच्या खंडावर. आणि सनदेत लिहिले की हे बेट ईस्ट ग्रीनिचच्या मॅनरप्रमाणे धरावे. कोळी, भंडारी, कुणबी यांनी वसवलेले हे बेट कागदावर लंडनजवळच्या एका जहागिरीचा तुकडा बनले. अर्थात ही कायद्याची भाषा होती. मॅनरचे न्यायालय काही गिरगावात भरले नाही. पण पडीक रानावर शुल्क बसवायला न्यायालय लागतेच असे नाही. १८३८ च्या सुमारास सरकारने चराईवर कर बसवला, गरीब गवळ्यांना तो परवडेना, तेव्हा सर जमशेटजी जीजीभॉय यांनी वीस हजार रुपये खर्चून ठाकुरद्वाराजवळ कुरण घेतले आणि तिथे गुरे फुकट चरू लागली, म्हणून चर्नी रोड, अशी हकिकत सांगितली जाते. ठाण्याच्या चेंदणीवरून हे नाव आले असेही काही जण म्हणतात. व्युत्पत्ती काहीही असो, गोष्ट सांगणाऱ्यांना दानशूर शेठ आठवतो. चराई हा हक्क होता तो दान कधी झाला, हा प्रश्न त्या गोष्टीत कोणी विचारीत नाही.

आता आपल्या गावाकडे वळू. त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' १९१५ साली प्रसिद्ध झाला. मराठी खेड्याची इतकी बारकाईने केलेली पाहणी तोवर मराठीत नव्हती आणि आजही ते पुस्तक बाजूला ठेवून पुढे जाता येत नाही. आत्रे भाबडे नाहीत. पण त्यांची सहानुभूती कुणब्याच्या बाजूची आहे, आणि बलुत्याचा हिशेब ते कुणब्यावरचे ओझे म्हणून मांडतात. ज्याच्या पाठीवर साऱ्या गावाचे निरोप, गावाची मेलेली जनावरे आणि सरकारी स्वारीचे सामान होते, त्याच्या बाजूने तोच हिशेब उलटा मांडला तर काय दिसेल, ही कल्पना त्या ग्रंथाला शिवत नाही. हा एका माणसाचा दोष नाही. पट ज्याच्या हाती असतो त्याला पटाबाहेरचा माणूस खर्चाच्या रकान्यात दिसतो.

मॅनरच्या न्यायालयाला आपल्याकडे जवळची संस्था म्हणजे गोतसभा. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी आणि बलुतेदार बसत, वतनाचा, शिवेचा, मानपानाचा तंटा ऐकत आणि निकालाचा महजर लिहीत. इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगितली पाहिजे. अनेक महजरांवर महाराची निशाणीही आढळते. शिवेच्या तंट्यात तर महाराचा शब्द मोलाचा मानला जाई, कारण गावची शीव पायाखाली घातलेला माणूस तोच. हे पाहून काही अभ्यासक म्हणतात की महार गावसभेचा घटक होता, त्याला बहिष्कृत म्हणणे ही नंतरची अतिशयोक्ती आहे. मला हा युक्तिवाद पटत नाही. साक्षीदार आणि हिस्सेदार यांत फरक आहे. शेत कुठे संपते हे महाराने दाखवायचे आणि ते शेत दुसऱ्याचे ठरायचे. विहीर कोणत्या शिवेत येते हे त्याने सांगायचे आणि त्या विहिरीला त्याने शिवायचे नाही. त्याला वतन होते हे खरे. पण ते वतन म्हणजे चोवीस तासांच्या वेठीचे वेतन होते. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक आणले ते या वेठीतून सुटका व्हावी म्हणून. वतने प्रत्यक्षात संपवणारा कायदा १९५८ साली झाला. आणि घटना परिषदेत ४ नोव्हेंबर १९४८ रोजी खेड्याला प्रजासत्ताक म्हणून गौरवणाऱ्यांना त्यांनी जे खडसावले, त्यामागे हा सारा अनुभव होता. आमचे सामाईकवादी मित्र ते भाषण 'बाबासाहेबांचा शहरी कल' म्हणून बाजूला सारतात. त्यांनी ते सामाईक मालमत्तेवरची टीका म्हणून पुन्हा वाचावे.

या टीकेचा सर्वांत ठसठशीत पुरावा महाडचा आहे, आणि तो सत्याग्रहापेक्षा त्याच्या मागोमाग चाललेल्या खटल्यात जास्त स्पष्ट दिसतो. चवदार तळ्याचा सत्याग्रह आपण दर वर्षी आठवतो. खटला आठवत नाही. १९२३ साली सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदेमंडळात ठराव आणला की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. हे तेच बोले, ज्यांच्या नावाचा रस्ता दादरला आहे. महाड नगरपालिकेने त्याला धरून तळे खुले केल्याचा ठराव केला. कागद झाला, पाणी मिळाले नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आणि हजारो माणसे तळ्यावर गेली. डिसेंबरात पुन्हा जायचे ठरले तेव्हा महाडच्या सवर्णांनी दिवाणी न्यायालयात दावा लावला आणि तात्पुरता मनाईहुकूम मिळवला. दाव्यातले म्हणणे काय होते? तळ्याचा वापर फक्त स्पृश्यांनी करायचा, अस्पृश्यांनी करायचा नाही, असा अनादि काळापासूनचा प्रघात आहे.

प्रघात! मॅनरच्या न्यायालयाचे सारे बळ ज्या एका शब्दात होते तोच हा शब्द. इंग्रजी कायद्यात प्रघात मान्य व्हायचा तर तो अनादि, निश्चित, अखंड आणि वाजवी असावा लागे. अनादि म्हणजे किती जुना, तर ११८९ साल, रिचर्ड पहिला गादीवर आला ते, ही कायद्याच्या स्मरणाची सीमा मानलेली. ते साल महाडच्या तळ्याला लावण्यात काहीच अर्थ नव्हता, पण कसोटी मात्र समुद्र ओलांडून आली होती. कोकणातल्या तळ्यावर कोण ओंजळ बुडवील, हे इंग्रज खेड्यातल्या कुरणांच्या भांडणांत घासून गुळगुळीत झालेल्या तत्त्वांनी ठरणार होते, आणि ठरणार होते मुंबईच्या कोटातल्या उच्च न्यायालयात.

खालच्या दोन्ही न्यायालयांत दावा फेटाळला गेला. उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ब्रूमफिल्ड यांच्यासमोर अपील चालले आणि १७ मार्च १९३७ रोजी निकाल लागला. अपीलही फेटाळले गेले. त्यातले तर्कशास्त्र मुद्दाम पाहण्यासारखे आहे. बरीच वर्षे अस्पृश्य तळ्यावर येत नव्हते हे न्यायालयाने नाकारले नाही. पण बरीच वर्षे म्हणजे अनादि काळ नव्हे. तळे जुने आहे, मोठे आहे, उघडे आहे. त्याच्याभोवती सवर्णांची घरे उभी राहीपर्यंत अस्पृश्यांना तिथून हटकण्याचा कोणी प्रयत्न केला असेल असे मानायला आधार नाही. म्हणजे अनादि म्हणून सांगितलेला प्रघात घरांइतकाच जुना निघाला. मला या निकालात हे वाक्यामागचे वाक्य फार मोलाचे वाटते. वहिवाट म्हणून जे सांगितले जाते ते अनेकदा कुंपणच असते. फक्त ते कधी घातले याची तारीख कोणी लिहून ठेवलेली नसते. तारीख विचारली की ते हलायला लागते. आमच्या मुसलमान आणि ख्रिस्ती बांधवांना त्या तळ्यावर मज्जाव नव्हता, ही गोष्टही इथे आठवावी. कुंपण धर्माचे नव्हते, पाण्याच्या शुद्धतेचेही नव्हते. ते पटाचे होते.

पण या विजयाची मर्यादाही सांगितली पाहिजे, नाहीतर आपणही आरती म्हणू लागू. हा प्रघात सिद्ध झाला असता तर तो अवाजवी आहे काय, लोकहिताच्या विरुद्ध आहे काय, हा प्रश्न पुढे पाहावा लागला असता, असे न्यायालयाने म्हटले आणि तो प्रश्न तिथेच सोडला. प्रतिवादी जिंकले ते वादींना पुरावा देता आला नाही म्हणून. अन्याय अन्याय आहे म्हणून अमान्य, असे म्हणायला १९५० ची घटना यावी लागली. पंधराव्या कलमात तळी, विहिरी, घाट आले ते कुठून आले, हे महाडचे दफ्तर पाहिल्यावर कळते.

घटनेने पाणी मोकळे केले, जमिनीचे काय? १८७९ च्या जमीन महसूल संहितेने, आणि पुढे १९६६ च्या महाराष्ट्राच्या संहितेने, जी जमीन कोणा व्यक्तीची नाही ती सरकारची ठरवली आणि त्यातली काही गावाच्या गुरांसाठी राखायची तरतूद केली. हीच गायराने. लॉर्डच्या जागी सरकार आले आणि कारभाऱ्याच्या जागी तलाठी. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली आणि पुन्हा १९६४-६५ साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, माणसे तुरुंगात गेली, ते अशाच पडीक आणि गायरान जमिनी कसायला मिळाव्यात म्हणून. मराठवाड्यात दलित आणि भटक्या कुटुंबांनी गायरानांचे तुकडे मोडून पेरले. १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पूर्वीची अतिक्रमणे नियमित करण्याची वाट काढली. तारीख बाबासाहेबांच्या जन्मशताब्दी वर्षाच्या आरंभाची. पण त्या तारखेपूर्वी आपण तिथे होतो हे सिद्ध कशाने करायचे? सातबाऱ्यावर नाव असते तर अतिक्रमण कशाला झाले असते?

इथे एक विलक्षण गोष्ट घडते. गावदफ्तरात नमुना एक-ई नावाची अतिक्रमणाची नोंदवही असते. तलाठ्याने तुमचे नाव तिथे चढवले, दंड केला, पावती दिली, तर ती पावती हाच तुमच्या ताब्याचा पुरावा. म्हणून भूमिहीन माणूस तलाठ्याच्या मागे लागतो की साहेब, आमच्यावर केस करा, आम्हाला दंड करा. आणि गावातले प्रतिष्ठित खटपट करतात की याला दंड होऊ नये. बाहेरच्या माणसाला हे वेडेपणाचे वाटेल. मॅनरची दफ्तरे वाचलेल्याला वाटणार नाही. तिथेही पडीक रानाच्या कडेला झोपडी बांधून राहिलेल्याला न्यायालय दर वर्षी चार-दोन पेन्स दंड करी, तो दर वर्षी भरी, आणि हळूहळू त्या दंडाचेच भाडे होई. १८४५ च्या कुंपणबंदीच्या कायद्यात वीस वर्षांहून जुनी अतिक्रमणे राखली गेली, त्याहून नवी सामाईकात परत जमा झाली. पटावर यायला ज्याला दुसरा दरवाजा नसतो तो गुन्हेगाराच्या रकान्यातून आत शिरतो.

२०११ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात गावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे हटवण्याचा आदेश सर्व राज्यांना दिला. निकालाचा रोख बळाने आणि पैशाने जमिनी बळकावणाऱ्यांवर होता. भूमिहीन आणि अनुसूचित जाती-जमातींना सरकारी निर्णयाने दिलेल्या जमिनींचा अपवाद त्यात नोंदलेला आहे. पण अपवाद खालच्या कचेरीपर्यंत पोहोचतात त्या आधी आदेश पोहोचतो. २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयाने गायरानांचा प्रश्न स्वतःहून हाती घेतला तेव्हा सरकारने दिलेला अतिक्रमणांचा आकडा दोन लाखांच्या वर होता. त्या आकड्यात बंगलेवाला आणि झोपडीवाला शेजारी शेजारी बसलेले आहेत. 'सामाईक वाचवा' ही घोषणा ऐकली की मला म्हणून विचारावेसे वाटते, त्या दोन लाखांतून आधी कोणाला उठवणार?

आमच्या परळ-लालबागची गोष्ट थोडी निराळी. गिरण्यांच्या जमिनी सामाईक नव्हत्या, त्या मालकांच्या किंवा भाडेपट्ट्याच्या होत्या. पण १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमाने कागदावर एक सामाईक निर्माण केले होते. सुमारे ६०० एकरांच्या या जमिनी विकसित करताना ढोबळमानाने एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला. २००१ साली नियम बदलला. हिस्सा काढायचा तो आता फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीचा, बांधकामाखालच्या जमिनीचा नव्हे. एका व्याख्येने मैदाने आणि घरे आक्रसली. २००५ साली उच्च न्यायालयाने जनतेच्या बाजूने कौल दिला, २००६ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. चर्चच्या दारावरची नोटीस आणि राजपत्रातली दुरुस्ती यांत मला फारसे अंतर वाटत नाही. दोन्ही वाचणारे थोडेच असतात.

गिरणीचाही पट होता. त्याला मस्टर म्हणत. त्या पटातही गावकूस होते. विणकाम खात्यात पगार जास्त, पण तिथे धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून अस्पृश्यांना त्या खात्यात प्रवेश नव्हता. ते रिंग खात्यात. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न मांडला तेव्हा कामगार एकजुटीचे पुढारी अडचणीत पडले होते. सामाईक लढ्यातले सामाईकपणही तपासून घ्यावे लागते, याचा तो धडा होता. माझे आजोबा एका गिरणीत रिंग खात्यात बदली म्हणून लागले आणि बदलीच राहिले. रोज सकाळी दारात उभे राहायचे, कोणी गैरहजर असला तर आत, नाहीतर घरी.

१८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. पुढे गिरणी कामगारांना घरे देण्याची योजना आली आणि तीत १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर कामावर असलेला कामगार पात्र ठरला. तारीख काहीतरी ठरवावीच लागते, हे मला समजते. पण तारखेबरोबर कागद येतात: तिकीट नंबर, हजेरीचा पास, भविष्यनिर्वाह निधीची चिठ्ठी, ई.एस.आय.चे कार्ड. कायम कामगाराच्या ट्रंकेत हे सापडते. बदलीवाल्याच्या घरात एखादा पास असला तर असतो. आमच्याकडचा गावच्या घरात पावसात गेला. आणि जिने वीस-वीस माणसांची खानावळ चालवली, पहाटे तीनला उठून पाळीवाल्यांच्या भाकऱ्या थापल्या, संपात महिनोन् महिने उधारीवर त्यांना जेवू घातले, तिच्याकडे कोणता कागद असणार? तिच्या वहीत कोणी किती दिवस जेवले ते लिहिलेले आहे. ती वही कोणत्याही अर्जाला जोडता येत नाही.